साठला षड्ज, नव्वदला पंचम

पंढरपूर रोडवरच्या चाचांच्या गॅरेजला पाचपैकी चार तारे. एक का कापला तेही सांगणार आहे, पण आधी आवाज.

मी मिरजेत पेटी शिकवते. मंगळवारी आणि शनिवारी कोल्हापुरात राजारामपुरीला क्लास असतो. म्हणजे आठवड्यातून दोनदा अंकलीचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले करत जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. गाडी २०१९ ची, छोटी, पेट्रोलवरची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. जाताना मी फोनवर तानपुरा लावते आणि गात जाते. घरात रियाजाला वेगळा वेळ मिळत नाही, तेवढाच तास-सव्वा तास आपला.

दिवाळीनंतर एका शनिवारी अंकलीचा पूल सोडला आणि तानपुऱ्याखाली आणखी एक सूर ऐकू यायला लागला. घूंऽऽ असा, शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी सुरू असावी तसा. तानपुरा बंद केला, तरी आहे. काचा वर घेतल्या, तरी आहे. एसी बंद, तरी आहे. चाळिसाच्या खाली गेलं की गायब, पन्नासच्या पुढे हजर.

कुणाला खडखड ऐकू आली की तो म्हणतो खडखड येतेय. मला सवय वाईट, मी सूर शोधते. साठवर काटा स्थिर धरला तर तो आवाज खर्जातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पांढरी एकच्या (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपास लागत होता. त्याला षड्ज मानला तर पंचाहत्तरला गंधार, ऐंशीला शुद्ध मध्यम, नव्वदला पंचम. अगदी चोख. यात जादू काही नाही. चाक दीडपट वेगाने फिरलं की आवाजाची कंपनं दीडपट होतात, आणि सा-पचं नातं दीडपटीचंच. पण काटा आणि कान इतके जुळलेले बघून मला त्या आवाजाचं जरा कौतुकच वाटलं, खोटं कशाला बोलू. त्रास एवढाच की मी गाते काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून. गाडी माझ्या सुराला लागायची ती पंचाण्णवला. सुरात गायचं तर पंचाण्णवने हाकायची, आणि गाळप हंगामात त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तेव्हा बेसूर गात राहिले.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच आठवड्यात करून बघितली. साठला चौथ्या गिअरमध्ये आणि साठलाच पाचव्यात. इंजिनाचा सूर खाली गेला, हा होता तिथेच. मग मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली. इंजिन गप्प झालं, हा सुरूच. म्हणजे इंजिन नाही, गिअरही बहुतेक नाही. जे काही आहे ते चाकांबरोबर फिरतंय. हे सगळं क्लासच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: स्पीड, गिअर, सूर.

ती वही घेऊन आधी गेले एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला. काचेची केबिन, कॉफी, टॅबवर सही. तिथल्या मुलाने वहीकडे बघितलं आणि हसला. वाईट हसला नाही, पण हसला. त्यांचा माणूस गाडी घेऊन गेला, दहा मिनिटांत परत आला. "टायरचा आवाज आहे मॅडम, चारही बदलावे लागतील." एस्टिमेट सतरा हजार सहाशे. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची जी खूण असते, तिथवर रबर झिजायला अजून बराच अवकाश होता. ते मी दाखवलं. तेव्हा म्हणाला, "तुम्ही म्युझिकच्या ना, म्हणून तुम्हाला जास्त ऐकू येतं." हे वाक्य मी घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बरोबरच आहे की. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर टायरची शंका वेडगळ नव्हती. टायरही वेगाबरोबरच चढा गातो. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलेली असली की रबर एका बाजूने करवतीसारखं झिजतं, आणि तो आवाज हुबेहूब असाच असतो. त्यामुळे माझं सा-ग-म-प एवढंच सिद्ध करत होतं की आवाज चाकाकडचा आहे. टायर की आणखी काही, ते त्यातून कळत नव्हतं. म्हणून अलाइनमेंटच्या दुकानात गेले. बॅलन्सिंग करून घेतलं, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकायला लावले. साडेआठशे रुपये. स्टेअरिंगची बारीक थरथर गेली, ती असल्याचं मला आधी कळलंही नव्हतं. आवाज जिथला तिथे. टायर मागे गेले तर आवाजही मागे जायला हवा होता ना? तो आपला पुढेच बसलेला. डांबरी रस्त्यावर, काँक्रीटच्या पट्ट्यावर, वरची सरसर बदलायची. खालचा खर्ज तसाच.

या गॅरेजचं मला सांगितलं ते सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने. तंबोऱ्याची जवारी काढायला (तारा नीट झंकाराव्यात म्हणून घोडी घासून घ्यायला) गेले होते, तिथे रडगाणं गायलं. तो घोडीवरून कानस फिरवता फिरवता म्हणाला, "पंढरपूर रोडला जावा. ते चाचा ऐकून घेत्यात."

शेड पत्र्याची. शेजारी लाकडाची वखार. बोर्ड आहे, पण त्याची अक्षरं उन्हाने उडालेली. चाचा साठीचे असतील, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी वही काढली ती सवयीने, आणि लगेच परत पर्समध्ये टाकायला लागले. ते म्हणाले, "बघू की." हात पुसून वही घेतली, स्पीडचा रकाना बोटाने खालपर्यंत वाचला. सुरांचा रकाना वाचून म्हणाले, "हे आपल्याला कळत न्हाई. पण न्यूट्रलला बी येतोय, हे लिवलंय ते लई झाक केलंय." मग किल्ली मागतील म्हणून मी पुढे केली, तर म्हणाले, "तुमीच चालवा बाई. मी मागं बसतो."

हे मला नवीन होतं. मागच्या सीटवर बसले, मग उजव्या खिडकीला सरकले, मग डाव्या. म्हैसाळ फाट्याच्या अलीकडून वळवून परत येताना पुढे माझ्या शेजारी बसले. सगळ्या वेळात एक अक्षर नाही. रस्ता मोकळा मिळाल्यावर म्हणाले, "पन्नासला धरा. आता हळूच उजवीकडं घ्या. आता डावीकडं. सापावानी." उजवीकडे घेतलं की आवाज फुगायचा, डावीकडे घेतलं की दबायचा. मी लगेच म्हटलं, "बघा, उजवंच चाक. मी आधीपासून सांगतेय उजवीकडून येतोय."

"डावं," चाचा म्हणाले.

गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डाव्या चाकांवर पडतं. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: गाडी उजवीकडे वळली की आपण डावीकडच्या माणसाच्या अंगावर. ज्या चाकावर भार येतो त्याचं बेअरिंग (चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते) खराब असेल तर ते तेव्हा जास्त ओरडतं. मला हे कळत असूनही मी उलटं ऐकलं, कारण मला उजवं ऐकायचं होतं. आणि इतका खर्जातला आवाज कुठल्या बाजूने येतो ते कानाला नीट सांगता येत नाही. गाडीच्या डब्यात तर तो सगळीकडून आल्यासारखाच वाटतो. सुराच्या बाबतीत मी चुकले नव्हते. दिशेच्या बाबतीत चारीमुंड्या चीत.

चाचांनी यावरही लगेच शिक्का मारला नाही. त्यांचं म्हणणं, वळवून बघणं ही अर्धी खूण. काही बेअरिंगं भार आल्यावर उलट गप बसतात. शेडमध्ये आणून पुढची दोन्ही चाकं उचलली, खाली स्टँड लावले, मागच्या चाकांना विटा. मी विचारलं, एकच का नाही उचललं? तर म्हणाले, एकच उचललं आणि गिअर टाकला की जमिनीवरचं चाक थांबतं आणि वरचं काट्याच्या दुप्पट फिरतं. काटा तीस दाखवतो, चाक साठने पळतं. "आन खालचं चाक मधीच जोर धरलं तर गाडी जॅकवरनं उडी मारल." मी मनात म्हटलं, म्हणजे एकच चाक उचललं असतं तर तीसलाच माझा षड्ज लागला असता. हे बोलून दाखवलं नाही.

आधी चाक वर-खाली धरून हलवलं. ढिलं नाही. डावी-उजवीकडून धरून हलवलं. तिथेही काही नाही. चाचांच्या हाताखालच्या पोराने लगेच तोंड उघडलं, "चाचा, बेअरिंग चांगलंय." चाचांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. चाक हाताने गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताची चार बोटं वर स्प्रिंगवर ठेवली. मग मला म्हणाले, "कान नगा लावू. हात लावा."

उजव्या चाकाच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली, चाक फिरतंय हे कळलंसुद्धा नाही. डाव्याच्या स्प्रिंगवर ठेवली. पाटीवर ओली पेन्सिल ओढावी तशी एक बारीक खरखर बोटांच्या टोकांतून आत आली. चाक थांबत आलं तशी ती सुटी सुटी झाली, कर्... कर्... कर्, आणि थांबली. तीन आठवडे मी कानांनी जे शोधत होते ते बोटांना पाच सेकंदांत सापडलं.

तरी एक लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. पोराला आत बसवून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसला धरायला लावली. ड्रायव्हरचं टोक चाकामागच्या बिडाच्या भागावर, ज्याला हे लोक नकल म्हणतात, आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर. उजवीकडे सूंऽऽ. डावीकडे अक्षरशः दळण. मलाही ऐकवलं. (फिरत्या चाकाजवळ ओढणी घालून जाऊ नका. मला त्यांनी ती काढून गाडीत ठेवायला लावली आणि केसही बांधायला सांगितले. हे मी चार ताऱ्यांत धरलंय.)

यापुढचं काम मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघितलं. खुर्चीला तीन पाय धड आणि चौथ्याखाली लाकडाचा ठोकळा. मधला मोठा नट कडेला ठोकून बसवलेला असतो, तो सोडवला. नवीनच घालतात, जुना परत वापरत नाहीत. डिस्क, ब्रेकचा कॅलिपर, बॉल जॉइंट, सगळं मोकळं करून नकल बाहेर. कॅलिपर पाइपला लोंबकळत सोडला नाही, तारेने वर बांधला. बेअरिंग दाबून काढायचा-बसवायचा प्रेस त्यांच्याकडे स्वतःचा नाही. पोरगा नकल गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवरून लेथवाल्याकडे गेला, आणि इथेच दुपार गेली. लेथवाला जेवायला गेला होता, मग लाइट गेली.

मी म्हटलं, हातोडीने ठोकून नाही का बसत? चाचा पहिल्यांदा जरा चिडले. बेअरिंगला दोन कड्या असतात, बाहेरची आणि आतली, मध्ये गोळ्या. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) आत घालताना आतल्या कडीला खालून टेका द्यायचा. चुकीच्या कडीवर जोर दिला की तो सगळा गोळ्यांमधून जातो आणि ज्या वाटेवर त्या फिरतात तिथे खळगे पडतात. "ठोकून बसिवलं की नवं बेअरिंग घरी पोचायच्या आत जुनं." माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था, ती सेन्सरने चाकाचा वेग बघते) असल्याने आणखी एक भानगड: बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबक असतं आणि ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या. पोराला पाठवण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशातून टाचणी काढली, दोन्ही बाजूंना लावून बघितली, एका बाजूला ती हलकेच चिकटली. त्या बाजूवर खडूने फुली मारली.

जुनं बेअरिंग मी मागून घेतलं. चाचांनी ग्राइंडरने कापून दिलं. आतलं ग्रीस दुधाळ चहाच्या रंगाचं झालेलं. पाणी. मग त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात पाण्यातनं गाडी घातलीती का?" घातली होती. जुलैमध्ये रेल्वे पुलाखाली साचलेल्या पाण्यातून, कोल्हापूरहून थेट येताना. बेअरिंग तापलेलं असतं, गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. त्यानंतर चार महिने ते आतल्या आत गंजत, सोलवटत राहिलं. बाहेरच्या कडीवर, जिथून गोळ्या जातात तिथे, तिळाएवढे टवके उडालेले, पण सगळीकडे नाही. ही कडी फिरत नाही, त्यामुळे गाडीचं वजन कायम तिच्या एकाच भागावर येतं आणि तेवढाच भाग खातो. बाकीची कडी आरशासारखी. तिच्यात माझा चष्मा दिसत होता.

हिशेब: बेअरिंग सोळाशे पन्नास, नट एकशे वीस, लेथवाल्याचे प्रेसचे तीनशे, मजुरी नऊशे. दोन हजार नऊशे सत्तर. बेअरिंगचं खोकं फोडायच्या आधी मला दाखवलं, सील बघायला लावलं, छापील किंमत वाचायला लावली. दुसऱ्या बाजूचंही बदलून टाकू का विचारलं, तर म्हणाले, "बोटं लावून बघितली न्हवं तुमी? मग कशाला?" चार टायर आणि हे दोन हजार नऊशे सत्तर, यातला फरक तुम्हीच काढा.

आता कापलेला तारा. दोन तासांचं काम सांगितलं आणि सकाळी अकराला गेलेली मी संध्याकाळी सात वाजता बाहेर पडले. क्लास रद्द करावा लागला. बिल म्हणजे कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे. बाईमाणसाला बाथरूमची सोय नाही. वखारीच्या मालकांच्या घरी जावं लागलं. ड्रायव्हर सीटवर ग्रीसचा पंजा उमटला होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा. परत गेले. सेन्सरची वायर क्लिपमध्ये बसवायची राहिली होती, कनेक्टर अर्धवट लागलेला. चाचांनी पोराला माझ्यासमोर झापलं नाही, स्वतःच खाली शिरले, पाच मिनिटांत दिवा बंद. "चूक आमची," एवढंच. पैसे नाहीत. त्याच वेळी चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घेतले आणि नकल काढली होती म्हणून अलाइनमेंट करून घ्यायला पाठवलं. ते त्यांच्याकडे होत नाही, कमिशनचं दुकानही सुचवलं नाही.

शनिवारी कोल्हापूरला निघाले. अंकलीच्या पुलावर तानपुरा लावला, साठ, सत्तर, ऐंशी. खाली काहीच नाही. जयसिंगपूर गेल्यावर मात्र नवीन सुरू, टिक् टिक् टिक्, मागून, अगदी लयीत. मी घाबरले. येताना संध्याकाळी तशीच शेडवर गेले. चाचांनी मागच्या टायरच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरने खडीचा एक तुकडा उकलून माझ्या हातावर ठेवला.

शुक्रवारी दुपारी एक ते तीन शेड बंद असते, नमाजाला जातात. फोन उचलत नाहीत, सरळ जा. आवाज कितव्या स्पीडला येतो आणि न्यूट्रलला येतो का ते घरूनच बघून लिहून न्या, पहिलं तेच विचारतात. पैसे रोख ठेवा. आणि दिवसभराचं काम असेल तर खुर्ची आपली न्या.